दोन राजीनामे

विद्यार्थी मित्रांनो, पोलीस आणि बातम्या देणारा माणूस यांची कामे वरवर पाहता अगदी वेगळी वाटतात. एकाच्या हातात काठी असते, दुसऱ्याच्या हातात लेखणी. पण थोडा विचार केलात तर त्यांच्यातील साम्य तुमच्या ध्यानात येईल. दोघांचाही संबंध खऱ्याखोट्याशी असतो. गुन्हा कोणी केला हे पोलिसाने शोधायचे असते. काय घडले हे बातमीदाराने सांगायचे असते. पोलीस अन्यायाने वागला तर निरपराध माणूस तुरुंगात जातो. बातमीदार खोटे बोलला तर सारा समाज अंधारात राहतो. पण पगार देणारे सरकार एक सांगते आणि आपले मन दुसरेच सांगते, असे झाले तर माणसाने काय करावे?

हा प्रश्न एका लेखकाच्या आयुष्यात दोनदा उभा राहिला. प्रथम पोलीस अधिकारी असताना आणि नंतर नभोवाणीवर बातम्यांचे काम करत असताना. दोन्ही वेळा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. उर्दूत ज्याला आपण इस्तिफा म्हणतो, तोच हा राजीनामा. त्या लेखकाचे नाव जॉर्ज ऑर्वेल. आज त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ.

ऑर्वेल इंग्रज होते, पण त्यांचा जन्म आपल्याच देशात झाला. बिहारमधील मोतिहारी या गावी २५ जून १९०३ रोजी ते जन्मले. त्यांचे खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. वडील रिचर्ड ब्लेअर हे इंग्रज सरकारच्या अफू खात्यात अधिकारी होते. त्या काळी बिहारमधील शेतकऱ्यांकडून अफूचे पीक घेतले जाई आणि ती अफू चीनला विकून सरकार पैसा मिळवी. हे नीट लक्षात ठेवा, कारण मुलाने पुढे ज्या राज्यपद्धतीवर कठोर टीका केली, तिच्याच पगारावर त्याचे घर चालत होते. याच मोतिहारीत १९१७ साली महात्मा गांधी चंपारणच्या शेतकऱ्यांसाठी न्यायालयासमोर उभे राहिले. तोवर एरिक तेथून केव्हाच निघून गेला होता. तो जेमतेम एक वर्षाचा असताना, १९०४ मध्ये, आई त्याला व त्याच्या मोठ्या बहिणीला घेऊन इंग्लंडला परतली होती.

घरची स्थिती बेताची होती. तरी एरिक हुशार असल्यामुळे शिष्यवृत्ती मिळवून तो ईटन या प्रसिद्ध शाळेत शिकला. तेथे श्रीमंतांची मुले अधिक. आपल्यापाशी पैसा कमी आहे, याची जाणीव त्याला लहानपणापासून होती. १९२१ मध्ये शाळा संपली. बरोबरीची मुले विद्यापीठात गेली. एरिकने मात्र भारतीय पोलीस सेवेची परीक्षा दिली. त्याने ब्रह्मदेशात नेमणूक मागून घेतली. त्याच्या आईचे बालपण तेथील मोलमीन शहरात गेले होते आणि आजी अजूनही तेथे राहत होती.

ब्रह्मदेश म्हणजे आजचा म्यानमार. १९३७ पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक भाग होता. त्याचा आणि आपला संबंध तुम्ही इतिहासात वाचला असेल. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी बादशहा बहादुरशहा जफर यांना रंगूनला पाठवले आणि १८६२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. पुढे १८८५ मध्ये ब्रह्मदेशाचा राजा थिबा पराभूत झाला, तेव्हा त्याला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवले. त्याचा राजवाडा तेथे आजही उभा आहे. दिल्लीचा बादशहा रंगूनला आणि मंडालेचा राजा रत्नागिरीला! लोकमान्य टिळकांनीही १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात काढली. त्याच मंडालेतील पोलीस प्रशिक्षण शाळेत १९२२ च्या अखेरीस एकोणीस वर्षांचा एरिक ब्लेअर दाखल झाला.

तेथे त्याने कायदा, ब्रह्मी भाषा आणि हिंदुस्थानी यांचा अभ्यास केला. साहाय्यक पोलीस अधीक्षक म्हणून नंतर त्याच्या ठिकठिकाणी बदल्या झाल्या. सिरियम येथे खनिज तेल शुद्ध करण्याचा मोठा कारखाना होता. इन्सेइन येथे मोठा तुरुंग होता. मोलमीन हे आईचे गाव, तर काथा हे उत्तरेकडील लहानसे ठाणे. विशीतल्या या तरुणाच्या हाताखाली कितीतरी अनुभवी शिपाई होते आणि हजारो लोकांचे भलेबुरे त्याच्या हाती होते.

मित्रांनो, हा तरुण आरंभापासून साधुसंत होता असे समजू नका. त्यानेही नोकरांवर आणि हमालांवर हात उगारला होता. हे कोणी शत्रूने सांगितलेले नाही. पुढे त्यानेच आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. इतर अधिकारी जे विसरून जात, ते त्याला विसरता येत नव्हते. मार खाल्लेल्या लोकांचे चेहरे त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नसत.

त्या काळातील अनुभवांवर त्यांनी नंतर दोन लेख लिहिले. ते आज जगभर वाचले जातात. पहिला १९३१ मधला. एका कैद्याला फाशी देण्यासाठी नेत आहेत. पावसाळी सकाळ आहे. दोन्ही बाजूंनी शिपायांनी त्याला धरले आहे. वाटेत पाण्याचे लहानसे डबके येते. पाय ओले होऊ नयेत म्हणून तो कैदी किंचित बाजूला सरकतो. काही क्षणांतच ज्याचा जीव जाणार, तो पाय भिजू नयेत म्हणून जपतो! ते पाहताच लेखकाला वाटते, हा आपल्यासारखाच जिवंत, विचार करणारा माणूस आहे. त्याचे आयुष्य असे मध्येच तोडून टाकणे हे भयंकर आहे. कैद्याचा गुन्हा कोणता, हे लेखात कोठेच सांगितलेले नाही. ते न सांगताही आपण तो लेख विसरू शकत नाही.

दुसरा लेख १९३६ मधला. मोलमीनमध्ये एक हत्ती पिसाळतो आणि एका मजुराला चिरडून मारतो. पोलीस अधिकारी बंदूक घेऊन पोहोचतो, तोवर हत्ती शांत झालेला असतो आणि गवत खात उभा असतो. त्याला मारण्याची गरज उरलेली नसते. पण अधिकाऱ्याच्या मागे सुमारे दोन हजार लोक जमलेले असतात. साहेब आता हत्तीला मारणार, या अपेक्षेने ते पाहत असतात. परत फिरलो तर लोक हसतील, एवढ्या एका भीतीने अधिकारी गोळी झाडतो. हत्ती लवकर मरत नाही, तडफडत राहतो. परक्या देशावर जबरदस्तीने राज्य करणारा स्वतःही स्वतंत्र राहत नाही, हे त्या अधिकाऱ्याला उमगते. हातात बंदूक त्याची असली तरी त्याला नाचवणारी दोरी गर्दीच्या हाती असते.

१९२७ साली आजारपणामुळे रजा घेऊन एरिक इंग्लंडला आला आणि पुन्हा गेला नाही. पोलीस खात्याचा राजीनामा त्याने तेथूनच दिला. १ जानेवारी १९२८ पासून तो लागू झाला. वय अवघे चोवीस, पुढे दुसरी नोकरी नाही, आणि चांगल्या पगाराची सरकारी जागा सोडलेली. घरच्यांना धक्का बसला. पण जे राज्य अन्यायावर उभे आहे, त्याचा हात होऊन राहायचे नाही, असे त्याने ठरवले होते. हा पहिला राजीनामा.

आता मात्र गंमत पाहा. ज्याने कालपर्यंत गरिबांवर पहारा ठेवला, तो स्वतः गरिबांत जाऊन राहिला. लंडनमध्ये फाटके कपडे घालून तो बेघर लोकांबरोबर फिरला. पॅरिसमधील एका हॉटेलात त्याने भांडी घासली. या अनुभवांवरचे पुस्तक १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्याने जॉर्ज ऑर्वेल हे टोपणनाव घेतले. ऑर्वेल हे इंग्लंडमधील एका नदीचे नाव. ब्रह्मदेशातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या जीवनावरील ‘बर्मीज डेज’ ही कादंबरी १९३४ मध्ये आली. इंग्रजांना राग येईल आणि खटले होतील, या भीतीने ती आधी अमेरिकेत छापावी लागली. पोट भरण्यासाठी याच काळात त्यांनी शाळेत शिकवले आणि पुस्तकांच्या दुकानातही काम केले.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. तेथील लोकनियुक्त सरकारविरुद्ध जनरल फ्रँकोने बंड केले होते. ऑर्वेल सरकारच्या बाजूने लढायला गेले. मे १९३७ मध्ये शत्रूची गोळी त्यांच्या गळ्यातून आरपार गेली. सुदैवाने ते वाचले, पण काही काळ त्यांचा आवाज बसला. या जखमेपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीने त्यांना अधिक वेदना झाली. आपल्याच बाजूच्या गटांत भांडणे झाली आणि ज्या सोबत्यांबरोबर ते खंदकात लढले, त्यांनाच वर्तमानपत्रांनी शत्रूचे हस्तक ठरवले. जेथे लढाई झालीच नव्हती, तेथे मोठी लढाई झाल्याच्या बातम्या छापून आल्या. जेथे शेकडो माणसे मेली, तेथे कोणी अवाक्षर काढले नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट छापील कागदावर नाहीशी होते, हे त्यांनी प्रथमच अनुभवले. इतिहासच खोटा लिहिला गेला तर उद्याच्या मुलांना खरे कसे कळणार, ही चिंता त्यांना मरेपर्यंत सोडून गेली नाही.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. फुफ्फुसे कमजोर असल्यामुळे ऑर्वेल यांना सैन्यात घेतले नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये ते बी.बी.सी. म्हणजे ब्रिटिश नभोवाणीच्या पूर्वेकडील देशांसाठी असलेल्या विभागात नोकरीला लागले. हिंदुस्थानातील श्रोत्यांसाठी भाषणे आणि बातम्यांवरील भाष्य तयार करणे, हे त्यांचे काम होते. ब्रह्मदेशातील पोलीस अधिकारी चौदा वर्षांनी पुन्हा हिंदुस्थानशी जोडला गेला. या वेळी काठीने नव्हे, तर आवाजाने.

त्या कार्यालयातील मंडळींची नावे ऐकून तुम्हांला आनंद होईल. हिंदुस्थानविषयक कार्यक्रमांचे प्रमुख होते झुल्फिकार अली बुखारी. ‘कुत्ते’ हा विनोदी लेख लिहिणारे पतरस बुखारी तुम्हांला ठाऊक असतील. हे त्यांचे धाकटे भाऊ. पुढे ते रेडिओ पाकिस्तानचे पहिले महासंचालक झाले. ‘दो बिघा जमीन’ आणि ‘गर्म हवा’ या चित्रपटांतून आपल्या परिचयाचे झालेले बलराज साहनी तेव्हा तेथे हिंदुस्थानी कार्यक्रमांत निवेदक होते. लेखक मुल्कराज आनंद यांची भाषणे तेथून प्रसारित होत. आणि ऑर्वेल यांना कामात मदत करणाऱ्या वेणू चितळे या तर आपल्या महाराष्ट्राच्याच. त्या नभोवाणीवरून इंग्रजीत व मराठीत बोलत. नंतर मायदेशी परतून त्यांनी पुण्यातील एका कुटुंबावर इंग्रजी कादंबरीही लिहिली. ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली.

दर आठवड्याला ऑर्वेल युद्धाच्या घडामोडींचा आढावा लिहीत. काही आढावे इंग्रजीतच वाचले जात. काहींचे गुजराती, मराठी, बंगाली, तमीळ व हिंदुस्थानी या भाषांत भाषांतर होऊन मग ते प्रसारित होत. दोन वर्षांत त्यांनी असे दोनशेहून अधिक आढावे लिहिले. त्या काळी महाराष्ट्रातील एखाद्या घरात लंडनहून मराठी वार्तापत्र ऐकू येई, तेव्हा त्याचा मूळ मसुदा कोणी लिहिला आहे, याची ऐकणाऱ्याला कल्पनाही नसे. बातम्यांशिवाय त्यांनी साहित्यावरील व्याख्यानेही घडवून आणली. मुंबई आणि कलकत्ता विद्यापीठांत इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडावीत, अशी त्यांतील कित्येक व्याख्याने होती. मोठमोठे कवी आणि लेखक त्यासाठी ध्वनिक्षेपकासमोर येत.

मग अडचण कोठे होती? ती नीट समजून घ्या. युद्धकाळात नभोवाणीवर बोलायचा प्रत्येक शब्द आधी लिहून काढावा लागे. तो कागद दोन वेळा तपासला जाई. शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती त्यात नाही ना, हे एकदा पाहत. सरकारी धोरणाच्या विरुद्ध काही नाही ना, हे दुसऱ्यांदा पाहत. दोन्ही शिक्के पडल्यावरच तो वाचता येई. वाचताना कोणी मजकूर सोडून भलतेच बोलू लागला, तर प्रसारण बंद करण्यासाठी एक माणूस बटणापाशी बसलेला असे. म्हणजे बातमीच्या खोलीतही पहारा होताच! ज्याने पूर्वी इतरांवर पहारा केला, त्याच्यावर आता दुसरे पहारा करत होते.

त्यापेक्षाही मोठी अडचण मनाची होती. हिंदुस्थान स्वतंत्र झाला पाहिजे, असे ऑर्वेल यांचे ठाम मत होते. पण हिटलर आणि जपान जिंकले तर कोणाचेच स्वातंत्र्य उरणार नाही, असेही त्यांना वाटे. म्हणून त्यांनी हे काम पत्करले होते. त्यांच्यासमोर साधासुधा प्रतिस्पर्धी नव्हता. १९४२ च्या आरंभी बर्लिनहून आझाद हिंद रेडिओ सुरू झाला आणि सुभाषचंद्र बोस यांचा आवाज हिंदुस्थानात ऐकू येऊ लागला. ऑर्वेल ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी असताना, १९२५ पासून, सुभाषबाबू मंडालेच्या तुरुंगात कैदी होते. एकेकाळी एक कैदेत आणि दुसरा कैद करणाऱ्या खात्यात. आता एक बर्लिनच्या नभोवाणीवर आणि दुसरा लंडनच्या. दोघांनाही हिंदुस्थानचे स्वातंत्र्य हवे होते, पण मार्ग अगदी उलट होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईतून छोडो भारत आंदोलनाची हाक दिली गेली. ९ ऑगस्टला गांधीजी, पंडित नेहरू, मौलाना आझाद अशा सर्व मोठ्या नेत्यांना पकडण्यात आले. लंडनच्या कार्यालयात बसलेल्या ऑर्वेल यांना मनातून या धरपकडीची चीड आली. आपल्या रोजनिशीत त्यांनी ती लिहून ठेवली. पण नभोवाणीवरून ते तसे बोलू शकत नव्हते. ज्या लोकांचे नेते तुरुंगात आहेत, त्यांना स्वातंत्र्यासाठी चाललेल्या युद्धाच्या गोष्टी सांगायच्या, आणि त्यांच्या स्वतःच्या स्वातंत्र्याविषयी मात्र गप्प बसायचे! विचार करा, किती अवघड काम होते ते.

कार्यालयातील एका अधिकाऱ्याने हिंदुस्थानात फिरून पाहणी केली, तेव्हा आणखी एक सत्य कळले. हे कार्यक्रम फारच थोडे लोक ऐकत होते. त्या काळी रेडिओ मूठभर घरांतच होते. आवाज स्पष्ट येत नसे, वेळ सोयीची नसे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या सरकारने नेत्यांना कोंडले, त्याच्या बोलण्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा?

सप्टेंबर १९४३ मध्ये ऑर्वेल यांनी आपला दुसरा राजीनामा लिहिला. त्या पत्रात कोणावर राग नव्हता. कार्यालयाने आपल्याला चांगले वागवले आणि बरीच मोकळीकही दिली, हे त्यांनी मान्य केले. पण ज्या कामातून काहीच निष्पन्न होत नाही, त्यात आपला वेळ आणि जनतेचा पैसा वाया जातो, म्हणून आपण जात आहोत, असे त्यांनी कळवले. नोव्हेंबरमध्ये ते बाहेर पडले. इतक्या वेळा नभोवाणीवर बोललेल्या या माणसाच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. आवाज हवेत विरून गेला. लिहिलेले तेवढे राहिले.

यानंतर ते एका साप्ताहिकाचे साहित्य संपादक झाले आणि मोकळेपणाने लिहू लागले. १९४४ मध्ये त्यांनी ‘अॅनिमल फार्म’ ही छोटी कादंबरी लिहून पूर्ण केली. एका शेतातील जनावरे जुलमी मालकाला हाकलून देतात. आता सगळे समान, असे ठरते. पण हळूहळू डुकरे मालक बनतात आणि भिंतीवर लिहिलेले नियम रात्री गुपचूप बदलत जातात. वरवर प्राण्यांची गोष्ट, पण रशियातील क्रांती आणि स्टॅलिनची हुकूमशाही यांवर ती बेतलेली होती. तेव्हा रशिया ब्रिटनचा युद्धातील मित्र होता. म्हणून कित्येक प्रकाशकांनी ती नाकारली. एकाने तर माहिती मंत्रालयातील अधिकाऱ्याचा सल्ला ऐकून माघार घेतली. अखेर १७ ऑगस्ट १९४५ रोजी ती प्रसिद्ध झाली आणि लेखकाचे नाव जगभर पोहोचले. मात्र हे यश पाहायला त्यांची पत्नी आयलीन नव्हती. त्याच वर्षी मार्चमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी तिचा मृत्यू झाला होता. दत्तक घेतलेला मुलगा रिचर्ड तेव्हा एक वर्षाचाही नव्हता.

ऑर्वेल यांना क्षयरोगाने घेरले होते. स्कॉटलंडजवळच्या जुरा नावाच्या एकाकी बेटावर राहून त्यांनी शेवटची कादंबरी लिहिली. अंगात ताप असताना, अंथरुणात बसून त्यांनी स्वतः टंकलेखन केले. ‘नाइन्टीन एटी-फोर’ म्हणजे ‘एकोणीसशे चौऱ्याऐंशी’ ही ती कादंबरी. ती ८ जून १९४९ रोजी प्रसिद्ध झाली.

या कादंबरीत त्यांच्या आयुष्यातील दोन्ही नोकऱ्या एकत्र आल्या आहेत. तिच्या नायकाचे नाव विन्स्टन स्मिथ. तो सत्य मंत्रालयात नोकरी करतो. नाव सत्य मंत्रालय, पण काम काय? जुन्या वर्तमानपत्रांतील बातम्या बदलायच्या! सरकारचे आजचे म्हणणे कालच्या बातमीशी जुळले नाही, तर कालची बातमीच नव्याने छापायची आणि जुनी जाळून टाकायची. माणूस मनात काय विचार करतो, यावर नजर ठेवणारे पोलीसही त्या राज्यात आहेत. आणि पक्षाच्या सदस्यांच्या घरांत एक पडदा आहे. त्या पडद्यावर दिवसभर बातम्या चालू असतात. तो बंद करता येत नाही. तो दाखवतो, तसाच पाहतोही. बोलतो, तसाच ऐकतोही. म्हणजे एकाच यंत्रात बातम्या देणारा आणि पाळत ठेवणारा पोलीस, दोघेही बसलेले आहेत.

लक्षात घ्या, हे लिहिले गेले तेव्हा ब्रिटनमध्येही दूरदर्शन संच फार थोड्या घरांत होते. आपल्या देशात दूरदर्शनची सुरुवात दिल्लीत १९५९ मध्ये आणि मुंबईत १९७२ मध्ये झाली. मग ऑर्वेल यांना हे सुचले कसे? त्यांनी काही भविष्य पाहिले नव्हते. पोलीस ठाणे आतून कसे चालते आणि बातम्यांचे कार्यालय आतून कसे चालते, हे दोन्ही त्यांनी स्वतः पाहिले होते. या दोन सत्ता एकाच हाती गेल्या आणि त्यांना विचारणारा कोणी उरला नाही, तर काय होईल, याचा त्यांनी शेवटपर्यंत विचार केला, एवढेच.

त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट मात्र अनेकांना खटकते. तीही सांगितली पाहिजे. १९४९ मध्ये आजारी असताना त्यांनी ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या एका विभागाला ३८ व्यक्तींची यादी दिली. या व्यक्तींचा कल कम्युनिस्टांकडे आहे, म्हणून त्यांच्याकडून सरकारी प्रचाराचे लेखन करून घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. ही यादी २००३ मध्ये लोकांसमोर आली. पाळत ठेवणाऱ्या राज्याविरुद्ध लिहिणाऱ्याने गुपचूप नावे द्यावीत का, यावर आजही वाद होतो. मोठ्या माणसाच्या चरित्रातून त्याच्या चुका पुसून टाकणे म्हणजे सत्य मंत्रालयाचेच काम करणे होय. म्हणून ती यादीही येथे नोंदवली पाहिजे.

२१ जानेवारी १९५० रोजी लंडनच्या रुग्णालयात ऑर्वेल यांचे निधन झाले. वय फक्त ४६ वर्षे. त्याआधी, ऑगस्ट १९४७ मध्ये भारत आणि जानेवारी १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला होता. इंग्लंडमधील एका खेड्यात त्यांची कबर आहे. दगडावर एरिक आर्थर ब्लेअर हे मूळ नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा, एवढेच कोरलेले आहे. जे काम निष्फळ म्हणून त्यांनी सोडले, त्याच बी.बी.सी.च्या लंडनमधील मुख्य इमारतीसमोर २०१७ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्या घरात दूरदर्शन संच आहे, हातात मोबाइल आहे आणि बातम्यांचा तर दिवसरात्र पाऊस पडतो आहे. एखादी खबर आली की आधी तिची तहकीक करावी, मगच तिच्यावर विश्वास ठेवावा, हे आपल्याला घरातही शिकवले जाते. तेव्हा बातमी ऐकताना तीन गोष्टी मनाला विचारत जा. हे कोण सांगत आहे? त्याला पगार कोण देतो? आणि कोणती गोष्ट सांगायची राहून गेली आहे? तुमच्यापैकी कोणी उद्या पोलीस अधिकारी होईल, कोणी बातम्या देणारा होईल. दोन्ही कामे चांगली आहेत आणि समाजाला त्यांची गरज आहे. प्रत्येक वेळी राजीनामाच द्यावा लागतो असेही नाही. पुष्कळदा जागेवर राहून खरे वागणे अधिक कठीण असते. पण खुर्चीवर बसताना, ही सोडण्याची वेळ कधी येऊ शकते, हे ज्याला माहीत असते, तोच त्या खुर्चीचा गुलाम होत नाही.